मीटर चांगला दाखवतो, तरी आवाज पोचत नाही: कोॲक्स केबलमधलं परावर्तन कसं शोधावं

व्हीएचएफ रेडिओ सेटच्या मागे लावलेल्या मीटरवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती सिग्नल परत फिरतो ते सांगणारा आकडा, १ म्हणजे काहीच नाही) दीडच्या आसपास आला की अँटेना ठीक आहे, असं आपण धरून चालतो. कोरड्या हवेच्या गावात ते बहुतेक वेळा खपून जातं. गोव्यात खपत नाही. चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा, या दोघांत केबल लवकर म्हातारी होते. आणि गंमत अशी की केबलमध्ये पाणी शिरलं की मीटरवरचा आकडा बिघडायच्या ऐवजी सुधारतो. यामागचं गणित दोन ओळींचं आहे. ते एकदा कळलं की सेटशेजारी बसून घेतलेल्या मापावर कुणी आंधळा विश्वास ठेवणार नाही.

हा लेख तिघांसाठी आहे: घराच्या गच्चीवर दोन मीटर बँडचा (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) अँटेना लावणारे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, ट्रॉलरवरचे व्हीएचएफ सेट दुरुस्त करणारे, आणि ‘ट्रान्समिशन लाइन’ हा धडा पाठ करून परीक्षा दिलेले पण केबल हातात न घेतलेले विद्यार्थी. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते. तेव्हा मालीमच्या, कुटबणच्या धक्क्याला ट्रॉलर नुसते बांधून ठेवलेले असतात, म्हणजे कामाला सवड मिळते. फक्त एक पथ्य पाळा. माप पावसात घ्या आणि दुरुस्ती उघडीप बघून करा. एप्रिलच्या उन्हात वाळलेली केबल आपला रोग लपवते.

तार कधी ‘लाइन’ होते

घरच्या ५० हर्ट्झच्या विजेची तरंगलांबी ६,००० किलोमीटर. तिच्यापुढे आपल्या घरातलं वायरिंग म्हणजे काहीच नाही, तारेच्या दोन्ही टोकांना एका क्षणी एकच व्होल्टेज असतं. पणजी आकाशवाणीच्या १२८७ किलोहर्ट्झची तरंगलांबी साधारण २३३ मीटर आहे, तिथेही १५ मीटरची तार तशी आखूडच. पण १०५.४ मेगाहर्ट्झच्या एफएमला तरंगलांबी २.८४ मीटरवर येते. आता त्याच १५ मीटरच्या तारेवर पाचाहून जास्त पूर्ण तरंग एका वेळी मावतात. एका टोकाला व्होल्टेज शिखरावर असताना हातभर पुढे ते शून्य असू शकतं.

ढोबळ नियम असा की तारेची लांबी तरंगलांबीच्या दहाव्या हिश्शाच्या वर गेली की तिला साधी तार समजू नये. मरीन व्हीएचएफचा चॅनल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, तरंगलांबी १.९१ मीटर. तिथे वीतभर पॅचकॉर्डसुद्धा लाइनच.

सिग्नल परत का फिरतो

कोॲक्स केबलला मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी असते, त्यांच्यामध्ये पॉलिथिन. दर मीटरमागे तिचं काही इंडक्टन्स असतं, काही कपॅसिटन्स असतं. त्या दोघांच्या भागाकाराचं वर्गमूळ म्हणजे केबलचा स्वतःचा इम्पीडन्स. आरजी-५८ आणि आरजी-२१३ चा ५० ओहम, डिश टीव्हीच्या आरजी-६ चा ७५. हा आकडा मल्टीमीटरवर दिसत नाही आणि केबलच्या लांबीवर अवलंबून नसतो. १ मीटरची ५० ओहमची आणि १०० मीटरचीही ५० ओहमचीच. त्याचा अर्थ एवढाच की केबलमधून पुढे जाणाऱ्या तरंगात व्होल्टेज आणि करंट यांचं गुणोत्तर ५० असतं.

तरंग टोकाला पोचतो तेव्हा तिथल्या भाराचं, म्हणजे अँटेनाचं, म्हणणं वेगळं असू शकतं. तिथे ५० ओहमच असेल तर सगळी शक्ती भारात जाते. नसेल तर हिशेब जुळवण्यासाठी काही भाग मागे फिरतो. मिरामारच्या उतरत्या वाळूवर लाट चढते आणि तिथेच संपते, पण मांडवीच्या काठच्या उभ्या दगडी भिंतीवर आदळली तर परत येते. भिंतीशी पाणी दुप्पट उंच उसळतं आणि थोडं अलीकडे एक पट्टा जवळजवळ हलतच नाही. जाणारी आणि येणारी लाट एकमेकींत मिसळून तयार झालेला हा आकृतिबंध म्हणजेच स्थिर तरंग.

केबलचं टोक उघडं असेल तर तिथे व्होल्टेज दुप्पट आणि करंट शून्य. शॉर्ट असेल तर उलट. आणि टोकापासून पाव तरंगलांबी मागे आलात की चित्र पालटतं: उघडं टोक शॉर्टसारखं दिसतं, शॉर्ट उघड्यासारखं. अर्धी तरंगलांबी मागे आलात की पुन्हा मूळचं चित्र. हाइनरिख हर्ट्झने १८८८ मध्ये विद्युतचुंबकीय लहरींची तरंगलांबी मोजली ती अशाच स्थिर तरंगांतली शांत जागा शोधून.

केबलमधली तरंगलांबी हवेतल्यापेक्षा आखूड असते, हे विसरू नका. पॉलिथिनमुळे वेग घटतो. घन पॉलिथिनचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक २.२५ च्या आसपास, त्याचं वर्गमूळ दीड, म्हणून वेग प्रकाशाच्या ०.६६ पट. हाच व्हेलॉसिटी फॅक्टर. फोमवाल्या केबलमध्ये तो ०.८ च्या वर असतो. १५६.८ मेगाहर्ट्झला आरजी-५८ मधली अर्धी तरंगलांबी म्हणून ६३ सेंटिमीटर भरते, १४५ मेगाहर्ट्झला ६८.

एकाच गोष्टीची तीन नावं

परावर्तन गुणांक काढायचा तर भारातून ५० वजा करा आणि भारात ५० मिळवून आलेल्या बेरजेने भागा. ७५ ओहमचा भार असेल तर २५ भागिले १२५, म्हणजे ०.२. हे व्होल्टेजचं प्रमाण झालं. शक्तीसाठी वर्ग करा: ०.०४, म्हणजे ४ टक्के परत. एसडब्ल्यूआर म्हणजे एक अधिक गुणांक भागिले एक वजा गुणांक: १.२ भागिले ०.८, बरोबर दीड. रिटर्न लॉस म्हणजे परत आलेली शक्ती किती डेसिबलने कमी आहे (दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते): इथे १४.

डोक्यात तीन जोड्या ठेवल्या तरी काम भागतं. एसडब्ल्यूआर दीडला ४ टक्के परत, दोनला ११, तीनला २५. रिटर्न लॉस अनुक्रमे १४, ९.५ आणि ६ डेसिबल. मी स्वतः रिटर्न लॉसमध्येच विचार करतो, कारण तो केबलच्या लॉसमध्ये सरळ मिळवता येतो, आणि सगळी मेख तिथेच आहे.

मीटर फसवतो तो इथे

समजा, मास्टवरून खाली येणारी आरजी-५८ केबल १५ मीटरची आहे. १५६ मेगाहर्ट्झच्या आसपास आरजी-५८ चा लॉस १०० मीटरला साधारण २० डेसिबल, म्हणजे आपल्या तुकड्यात ३. कोरडी असताना! सेटने २५ वॉट सोडले तर वर साडेबारा पोचतात. आता वरचा अँटेना पूर्ण तुटलाय असं धरा. साडेबारा वॉट तसेच मागे फिरतात, खाली येताना पुन्हा निम्मे होतात आणि मीटरला सव्वासहा वॉट परत आलेले दिसतात. २५ टक्के. एसडब्ल्यूआर ३.

अँटेना नाहीच, आणि मीटर म्हणतो ३!

आता त्याच केबलमध्ये पाणी शिरलं, लॉस ६ डेसिबल झाला. वर सव्वासहा वॉट पोचतात, परत फिरून खाली दीडच वॉट येतात. एसडब्ल्यूआर १.६७. लॉस ८ झाला तर १.३८. म्हणजे तुटलेल्या अँटेनावर सडकी केबल लावली की मीटर खूश. परत येणारा सिग्नल केबलमध्येच विरतो, म्हणून मीटरला तो दिसत नाही.

मालीमच्या एका ट्रॉलरवर हे सगळं एकाच वेळी पाहायला मिळालं. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, मालवणकडचा. म्हणाला, “भाऊ, मीटर तर बरा दाखवतो. मग दोन मैलांवरचा आमचा जोडीदार ऐकत का नाही?” त्याआधी कुणीतरी सेट बदलून दिला होता आणि त्याचे पैसेही घेतले होते. वर चढून अँटेनाचा बुंधा सोडवला तर मधली पिन हिरवी भुकटी होऊन गळून पडली. कनेक्टर कापला, केबल सुरीने उभी चिरली, तर जाळी काळी पडलेली, मधूनमधून हिरवी, आणि अंगठ्याने दाबली की कडेने पाण्याचा थेंब बाहेर. चिरत खाली गेलो तरी लखलखीत तांबं काही केल्या सापडेना. पाणी वरच्या कनेक्टरमधून शिरून जाळीच्या बारीक फटींतून केशाकर्षणाने खालपर्यंत उतरलं होतं.

त्या तांडेलाच्या प्रश्नाचं उत्तर असं की मीटर खोटं बोलत नव्हता. ‘माझ्याकडे किती परत आलं’ एवढंच तो सांगत होता. वर किती पोचलं हे त्याला विचारलंच नव्हतं.

काय काय लागेल

एक नॅनोव्हीएनए, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल परत येतो ते मोजणारं यंत्र. हातात मावणारं हे यंत्र आता हॅममंडळींच्या बहुतेक पेट्यांत असतं आणि १५६ मेगाहर्ट्झला पुरून उरतं. त्याच्याबरोबर उघडं, शॉर्ट आणि ५० ओहम ही तीन टोकं येतात, ती हरवू नका. यंत्राच्या एसएमए कनेक्टरपासून सेट-केबलच्या एसओ-२३९ आणि पीएल-२५९ कनेक्टरपर्यंतचे अडॅप्टर, एक डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा ५० ओहमचा भार), मल्टीमीटर, धारदार सुरी, मोठ्या टोकाचा सोल्डरिंग आयर्न, रबरासारखी ताणली जाणारी आणि स्वतःलाच चिकटणारी टेप, वर साधी पीव्हीसी टेप. फॉरवर्ड आणि रिफ्लेक्टेड दोन्ही दाखवणारा वॉटमीटर असेल तर उत्तम.

सेटचं बटण दाबून पाहायचं असेल तर लायसन हवं, हॅमचं असो वा बोटीचं. बोटीवर चाचणी चॅनल १६ वर करू नका, तो हाक मारण्यासाठी आणि संकटासाठी आहे. नॅनोव्हीएनए लावलेल्या अँटेनाशेजारी दुसरा सेट ट्रान्समिट करत नाही ना, हेही बघा. शेजारच्या ट्रॉलरवरचे २५ वॉट त्याचं तोंड जाळू शकतात.

पायरी १: आधी मल्टीमीटर

दोन्ही टोकं सोडवा. मधली तार आणि जाळी यांच्यात ओहम मोजा. चांगल्या केबलला मीटर अनंत दाखवतो. मेगओहममध्ये काहीतरी आकडा आला आणि तो हलत राहिला, तर आत ओल आहे. मग दूरचं टोक शॉर्ट करून मोजा, एक-दोन ओहमच्या आत यायला हवं.

अँटेना जोडलेला असताना हे माप घेऊन घाबरू नका. बरेच व्हीएचएफ अँटेना आतून डीसीला शॉर्टच असतात, मल्टीमीटर शून्य दाखवतो आणि ते बरोबर असतं. मल्टीमीटर फक्त ढोबळ चोर पकडतो. इथे पास झाली म्हणजे केबल चांगली, असं नाही.

पायरी २: कॅलिब्रेशन

फ्रिक्वेन्सीची कक्षा आधी ठरवा, मग कॅलिब्रेट करा. कक्षा बदलली की पुन्हा कॅलिब्रेट करा, आळस नको. आणि कॅलिब्रेशन करायचं ते यंत्राच्या तोंडाशी नव्हे, तर ज्या अडॅप्टरच्या टोकाला केबल लागणार आहे तिथे, निदान जितकं जवळ जमेल तितकं. एसओ-२३९ जातीच्या कनेक्टरला ठरीव इम्पीडन्स नसतो. १५६ ला त्याचा त्रास नगण्य, पण पुढे अंतर शोधताना पडद्यावर त्याचा एक छोटा उंचवटा दिसेल. तो ओळखून ठेवा आणि सोडून द्या.

कॅलिब्रेशननंतर ५० ओहमचं टोक तसंच लावून बघा. स्मिथ चार्टवर (इम्पीडन्स दाखवणारा यंत्राच्या पडद्यावरचा गोल आलेख, मध्य म्हणजे ५० ओहम, कड म्हणजे सगळं परत) ठिपका मधोमध बसला आणि रिटर्न लॉस ४० च्या आसपास किंवा वर गेला तर पुढे चला.

पायरी ३: केबलचा स्वतःचा लॉस

सगळ्यात महत्त्वाचं माप हेच, आणि नेमकं हेच कुणी घेत नाही. अँटेना सोडा, वरचं टोक उघडं ठेवा, खालून रिटर्न लॉस वाचा. आता वरचं टोक शॉर्ट करून पुन्हा वाचा. दोन्हींची सरासरी काढून निम्मी करा. निम्मी का, तर सिग्नल वर जाऊन परत आला, म्हणजे केबल दोनदा तुडवली.

१५ मीटर नव्या आरजी-५८ ला १५६ वर हे उत्तर ३ च्या जवळ यावं. आरजी-२१३ ला सव्वा ते दीडच्या दरम्यान. आरजी-५८ ने साडेचार-पाच दाखवले तर पुढच्या पायऱ्या करत बसू नका, केबल बदला.

हेच डोळ्यांनी पाहायचं असेल तर वरचं टोक उघडं ठेवून स्मिथ चार्टवर १ ते ३०० मेगाहर्ट्झ फिरवा. लॉस नसलेली केबल कडेकडेने गोल फिरत राहील. खरी केबल हळूहळू आत वळत जाते. पाणी प्यायलेली केबल दोन-चार फेऱ्यांतच केंद्राकडे घसरते. हा आकार एकदा पाहिला की विसरत नाही. स्मिथ चार्ट किचकट वाटणाऱ्यांनी निदान एवढ्यासाठी तरी तो उघडावा.

पायरी ४: लांबी ताडून बघा

त्याच उघड्या टोकाच्या केबलवर चार्टची एक पूर्ण फेरी व्हायला किती मेगाहर्ट्झ लागतात ते बघा. १५० ला त्या आकड्याने भागा आणि व्हेलॉसिटी फॅक्टरने गुणा, लांबी मीटरमध्ये मिळते. फेरी ६.६ मेगाहर्ट्झची असेल तर १५० भागिले ६.६ गुणिले ०.६६, म्हणजे १५ मीटर. टेपने मोजलेली लांबी १५ आणि यंत्राची ९ आली, तर केबल सहा मीटर अलीकडे तुटलेली आहे. कौलांखालून, खांबाच्या मागून गेलेल्या केबलीत हे फार उपयोगी पडतं.

पायरी ५: जागा शोधा

नॅनोव्हीएनएमध्ये डिस्प्लेच्या आत ट्रान्सफॉर्म नावाचा पर्याय असतो. तो चालू केला की यंत्र फ्रिक्वेन्सीचं माप वेळेत बदलतं आणि कुठल्या अंतरावरून किती परत आलं ते दाखवतं. व्हेलॉसिटी फॅक्टर ६६ टक्के घाला, लो पास स्टेप निवडा, फॉरमॅट रिअल ठेवा.

आता कक्षेचा प्रश्न, कारण इथेच बहुतेकजण अडकतात. कक्षा जितकी रुंद तितकी बारीक जागा दिसते. ९०० मेगाहर्ट्झपर्यंत फिरवलं तर ११ सेंटिमीटरचा फरक कळतो. पण यंत्रात बिंदू १०१ असतील तर दोन बिंदूंमध्ये ९ मेगाहर्ट्झचं अंतर पडतं, आणि मग ११ मीटरच्या पलीकडचं परावर्तन गुंडाळी होऊन भलत्याच जागी दिसतं. १५ मीटरच्या केबलचं टोक ४ मीटरवर उगवतं आणि माणूस तिथे केबल कापून बसतो! म्हणून अशा केबलीला ३०० मेगाहर्ट्झपर्यंतच फिरवा. ३३ मीटरपर्यंत नीट दिसेल, बारकावा ३३ सेंटिमीटरचा. बिंदू जास्त देणारं नवं यंत्र असेल तर तेवढी मोकळीक आहे.

पडद्यावरची रेघ सपाट असेल तोवर केबल ५० ओहमची आहे. एकदम वर उडाली तर इम्पीडन्स वाढला: तार तुटली, पिन सैल, सोल्डर सुटला. खाली आली तर इम्पीडन्स घटला: केबल कुठेतरी चेपली, खिळा घुसला, शॉर्ट झाली. पाण्याची खूण वेगळी. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या घरात, त्यामुळे ओल्या भागात कपॅसिटन्स वाढतो आणि रेघ एका बिंदूपाशी न खचता लांबवर पसरट खळगा दाखवते. तो बहुधा वरच्या कनेक्टरच्या खाली किंवा केबल जिथे झोळ खाऊन सर्वांत खाली आली आहे तिथे असतो.

एक खबरदारी. यंत्र दाखवतं ते अंतर एकेरी की दुहेरी, हे आधी लांबी ठाऊक असलेल्या तुकड्यावर तपासून घ्या. हातानेही पडताळता येतं: ०.६६ च्या केबलमध्ये सिग्नलला मीटरभर जाऊन परत यायला १० नॅनोसेकंद लागतात.

पायरी ६: आता अँटेना

केबल निर्दोष ठरल्यावरच अँटेनाकडे वळा. शक्य असेल तर यंत्र घेऊन वर जा आणि बुंध्यापाशीच मोजा. वर जाणं धोक्याचं असेल (ओल्या मास्टवर ते असतंच, हट्ट नको) तर खालच्या मापातून केबलचा लॉस दोनदा वजा करून हिशेब करा. खाली रिटर्न लॉस १४ दिसतोय आणि केबलचा लॉस ३, तर अँटेनापाशी रिटर्न लॉस १४ वजा ६, म्हणजे ८. एसडब्ल्यूआर २.३ च्या जवळ. खाली दीड वाटत होता तो हाच.

गच्चीवर स्वतः केलेला पाव तरंगलांबीचा ग्राउंड प्लेन (एक उभी दांडी आणि बुंध्याशी काड्या असलेला अँटेना) असेल तर १४५ मेगाहर्ट्झला उभी दांडी ४९ सेंटिमीटरच्या आसपास धरा. खालच्या काड्या आडव्या असतील तर इम्पीडन्स ३६ ओहमच्या घरात येतो आणि एसडब्ल्यूआर १.४ वर अडतो. काड्या ४५ अंशांनी खाली वाकवल्या की तो ५० च्या जवळ सरकतो. एवढ्यासाठी मॅचिंगची पेटी विकत घेणं म्हणजे हौस.

पायरी ७: दुरुस्ती आणि पाणीबंदी

कापताना जाळी स्वच्छ तांबडी दिसेपर्यंत मागे या. मीटरभर मागे येऊनही काळीच असेल तर तिथे थांबा आणि अख्खी केबल फेका. वाळवून वापरायचा मोह होतो, पण मीठ आतच राहतं आणि पुढच्या पावसात पुन्हा पाणी ओढून घेतं. पीएल-२५९ च्या भोकांतून जाळी खरोखर सोल्डर झाली पाहिजे. छोटा आयर्न तिथे तापच देऊ शकत नाही, सोल्डर वरवर बसतो आणि वर्षभरात सुटतो.

टेपचं गुंडाळणं खालून वर करा, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी बाहेरून ओघळतं. आधी रबराची टेप निम्म्या रुंदीने चढवत आणि ताणत, मग तिच्यावर उन्हापासून संरक्षण म्हणून पीव्हीसी टेप. नुसती पीव्हीसी टेप गोव्याच्या उन्हात एका उन्हाळ्यात सुटते आणि आत पाणी धरून ठेवते, त्यापेक्षा काही न लावलेलं बरं. केबल केबिनमध्ये किंवा घरात शिरते तिथे तिला खाली झोळ द्या, थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतील. मे आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाट होत असताना केबल सेटमधून काढून ठेवा.

तीन समजुती

केबल थोडी थोडी कापून एसडब्ल्यूआर ‘जुळवायचा’, ही धक्क्यावरची आवडती विद्या. केबलची लांबी बदलल्याने अँटेनापाशी काही बदलत नाही. लांबीबरोबर मीटरचा आकडा खरोखरच हलत असेल तर जाळीच्या बाहेरच्या बाजूने करंट वाहतोय आणि केबलच अँटेना झाली आहे. केबलला हात लावल्यावर आकडा बदलतो का बघा. बदलत असेल तर अँटेनाच्या बुंध्यापाशी केबलवर फेराइट (बाहेरचा करंट अडवणारं चुंबकीय कडं) चढवा, कात्री ठेवून द्या.

दुसरी समजूत: परत आलेली सगळी शक्ती वाया जाते. ती सेटच्या टोकाशी पुन्हा परावर्तित होऊन वर जाऊ शकते, वाया जाते ती केबलच्या लॉसमध्ये. म्हणून अर्धा डेसिबल लॉसच्या केबलवर अँटेनाचा एसडब्ल्यूआर ३ असला तरी जास्तीचा तोटा ०.३ डेसिबलचाच, आणि ३ डेसिबलच्या केबलवर तो जवळपास १. खरा त्रास वेगळा आहे. एसडब्ल्यूआर चढला की बरेच सेट आपली शक्ती आपणच कमी करतात. खाली लावलेला ट्यूनर (सेटला ५० ओहम भासवणारी जुळवणीची पेटी) सेटची समजूत काढतो, वरच्या केबलला त्याचा पत्ताही नसतो.

तिसरी, ७५ ओहमची केबल चालत नाही म्हणून फेकून देणं. डिशची जुनी पण कोरडी आरजी-६ घरात पडून असेल तर गणित करून बघा. ५० ओहमच्या अँटेनावर ती लावली तर तिच्यात एसडब्ल्यूआर दीड. सेटला दिसणारा आकडा लांबीनुसार बदलून कधी सव्वादोनपर्यंत जाईल. पण १५० मेगाहर्ट्झच्या आसपास तिचा लॉस आरजी-५८ च्या निम्म्याहूनही कमी. नुसतं ऐकण्यासाठी मी डोळे मिटून आरजी-६ घेईन. ट्रान्समिटसाठी तिची लांबी अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत कापली की सेटला अँटेनाचा ५० जवळजवळ तसाच दिसतो. केबल कापण्याला अर्थ असतो तो इथे. फोमचा फॅक्टर ०.८२ धरला तर १४५ ला ही पट ८५ सेंटिमीटरची, पण तुमच्या केबलचा खरा फॅक्टर चौथ्या पायरीने उलटा काढून घ्या. हिची जाळी ॲल्युमिनियमची, सोल्डर घेत नाही आणि खाऱ्या वाऱ्यात तांब्याच्याही आधी जाते. म्हणून घरात, फोंडा-डिचोलीकडे गच्चीवर ठीक, ट्रॉलरवर नाही.

काम झालं की केबलचा लॉस, अँटेना सोडून उघड्या टोकाचा रिटर्न लॉस, अँटेना जोडल्यावरचा रिटर्न लॉस आणि तारीख, हे चार आकडे कागदावर लिहून सेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या जूनमध्ये पहिले दोन आधी तपासा. उघड्या टोकाचा रिटर्न लॉस ६ वरून ९ वर गेला असेल, तर अँटेनाकडे बघण्याआधी वरचा कनेक्टर उघडा.